जपानचा साहेब

पंचफुला अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात कापसातली कवडी, म्हणजे डागाळलेला किडका कापूस, निवडून काढायची. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन येताना तिनं बुद्धाचं एक कागदी चित्र आणलं होतं आणि आपल्या जागेमागच्या टिनाच्या भिंतीवर खळीनं चिकटवलं होतं.

"काढ ते," मुकादम जानराव एका संध्याकाळी म्हणाला. "उद्या जपानचा साहेब माल पाहाले येऊन राहिला. त्याले नाही आवडलं तं पहिले तुले घरी बसवीन."

तिनं नखानं एक कोपरा उचलून पाहिला. कागद फाटायला लागला. तिनं हात मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेब शेडमध्ये शिरला, तेव्हा बाकी साऱ्या बाया बसून निवडत होत्या. ती एकटीच चित्राला पाठ लावून उभी. साहेबाच्या ते लगेच ध्यानात आलं. मागं खराब माल लपवलाय, असंच त्याला वाटलं असावं. त्यानं हातानंच तिला बाजूला व्हायला सांगितलं.

"काय लपवून राहिली वं? सरक!" जानराव ओरडला.

घरात कमावणारी पंचफुला एकटीच होती. डोळे गच्च मिटून ती बाजूला झाली. मग तिनं भीतभीत डोळे उघडले.



साहेब बूट काढून, हात जोडून चित्रापुढं वाकला होता. आणि त्याच्यामागं जानराव घाईघाईनं पायातल्या वहाणा काढत होता.