औंदा नको

“औंदा नको, राजे. पुढल्या साली बघू.”

हे म्हणणारा आवाज ओला होता, हसरा होता. त्याला एक अख्खं आयुष्य उलटलं, तरी केरूराजांच्या कानातून तो गेला नाही. त्यांनी पुतळाबाईला लग्नाचं विचारलं होतं. तेव्हा ती त्यांच्या घरात राहत होतीच. डोंगरात त्याचं कुणाला नवल नव्हतं. तिकडं जोडपं आधी चूल मांडतं, मांडव सवडीनं उभा राहतो. कधी तर लेकाच्याच मांडवात आईबापाचंही लग्न लागतं.

पण आता सत्याण्णव साल होतं. नाशकात, पेठ रोडच्या बंगलीत ज्योत्स्नाबाई त्यांच्यासमोर बसल्या होत्या. बाई कॉलेजात इतिहास शिकवायच्या. धामणगडच्या राजा-राणीच्या प्रेमाचं चरित्र त्यांनी लिहीत आणलं होतं. संस्थान कधीच विलीन झालं होतं, पण पेठच्या स्टँडवर राजे उतरले की म्हातारी माणसं अजून बाकावरून उठत. मोठ्या घरचं स्थळ नाकारून, आईसाहेबांशी उभा दावा मांडून राजानं भात लावणारी पोर घरात आणली, ही गोष्ट डोंगरातल्या बायका लग्नाच्या गाण्यांत गात. गाण्यात राजा राणीला जिंकून आणायचा. केरूराजे ऐकायचे, मान डोलवायचे, आणि आत कुठंतरी काटा रुतायचा.

पुस्तकातलं लग्नाचं प्रकरण तेवढं कोरं होतं. बाईंनी वहीवरून नजर उचलून विचारलं, लग्न कोणत्या साली लागलं, कुठं लागलं. ओझरच्या कारखान्यातून नुकताच आलेला दिनेश, राजांचा मुलगा, दारातच थबकला. त्यानं बापाला आधीच बजावून ठेवलं होतं, की वैशाखातली एखादी तिथी सांगून टाका, जुनं पंचांग कोण उघडून बघतंय. नाहीतर शहरातली माणसं आईला ठेवलेली म्हणतील.

राजांनी काय कमी विचारलं होतं? गादीवर बसले तेव्हा विचारलं. गादी गेली तेव्हा विचारलं. दिनेश पाळण्यात होता तेव्हा विचारलं. दिनेशच्याच लग्नात तर कुसाबाई धवलेरी, जिच्या गाण्यावाचून तिकडं लग्न लागत नाही, हळदीची वाटी घेऊन दोघांच्या पुढ्यात आली होती. म्हणाली, बसा लेकाच्या शेजारी, एका गाण्यात दोन लग्नं लावते. राजे पाटावर बसलेसुद्धा. पुतळाबाईनं हसत हसत वाटी बाजूला सारली आणि तेच म्हणाली, औंदा नको. कारण कधी सांगितलं नाही. राजानं कारण कसं मागावं, म्हणून त्यांनीही मागितलं नाही.

आणि दर वर्षी आवणीला ती माहेरी जायची. बापाच्या खाचरांत भात लावायला. कुणी बोलावलं नाही तरी जायची. मग राजे गढीच्या सज्जात उभे राहून पायवाटेकडं डोळे लावायचे. या खेपेला नाहीच आली तर? कोणता धागा होता तिला ओढून आणायला? ती यायची. चिखलानं पाय उललेले, डोक्यावर पाटी, पाटीत खेकडे. राजांचा जीव भांड्यात पडायचा, पण पुढल्या आवणीपर्यंतच. हिनं आपल्या घराचं दार कायम अर्धं उघडं ठेवलं आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मग दोघांच्या प्रेमाचं हे पुस्तक कसलं? हे तर एकट्याचं.

पुतळाबाई चहा घेऊन आली. ज्योत्स्नाबाई अदबीनं उठल्या, “राणीसाहेब” म्हणाल्या.

“राणीसाहेब कसली, बाई. दळण आणायला मलाच जावं लागतं,” पुतळाबाई म्हणाली.

दिनेश हसला. राजे हसले नाहीत.

“लिहा, बाई,” ते म्हणाले. “लग्न झालं नाही. मी जन्मभर विचारत राहिलो. हिनं मला नवरा मानलं नाही.”

“आबा,” दिनेश म्हणाला. पुतळाबाईनं कपबशांचा ट्रे तिपाईवर ठेवला आणि ती खाली, राजांच्या खुर्चीजवळ बसली.

मग तिनं राजांच्या आईचं काढलं. आईसाहेबांचा बाप वारल्याचा सांगावा आला, तेव्हा पुतळाबाई गढीत झाडलोट करणारी पोर होती. आईसाहेब गाठोडं बांधून उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. थोरल्या राजांचा हुकूम होईना. तिकडं बापाची माती झाली, तेव्हा त्यांनी गाठोडं सोडलं, लुगडी घडी करून परत पेटीत ठेवली आणि पानं वाढायला उठल्या.

“मी तुला अडवलं असतं?” राजांनी विचारलं. “एवढंच ओळखलंस मला?”

“तुमी नाय अडवलं असतं. ते मला ठावं व्हतं.”

“मग?”

पुतळाबाईनं पहिल्यांदा वर बघितलं.

“लगीन लागलेली राणी माहेरून परत आली, तर लोक म्हनतात, येणार नाय तर जाईल कुठं. मला यावं लागत नव्हतं, राजे. मी येत होते.”