डब्यांआडचा कॅमेरा

खुबा मोडून खाटेला खिळलेल्या सोनाबाईंना सांभाळायला वेणू त्यांच्याच खोलीत राहायची. तिथेच त्यांचं अंग पुसायची, तिथेच स्वतःचे कपडे बदलायची. एके दुपारी ती जरा टेकली, तोच सोनाबाईंच्या मुलाचा, हितेशशेटचा, पनवेलच्या दुकानातून फोन आला, "बसलीस काय? आईचे पाय चेप!" वेणूने दचकून वर पाहिलं. कपाटावर डब्यांआड कॅमेरा होता. तिच्या अंगाची लाहीलाही झाली. तिने त्यावर टॉवेल टाकला. शेट तणतणत घरी आला. "काम नको का तुला?" "पायजे, शेट. पन मी इथं साडी बदलते, तुमच्या आईला इथंच उघडं करते. तेपन दुकानात बसून बघता?" सोनाबाई मुलावर कडाडल्या, "काढ तो कॅमेरा! आनि दार वाजवल्याबिगर आत यायचं नाय!" दुसऱ्या सकाळी दार वाजलं. निऱ्या खोचत वेणू म्हणाली, "थांबा." शेट थांबला.