पोपटी कानटोपी

रग्बी वर्ल्ड कपची मॅच दाखवायला फ्रँकफर्टच्या चौकात मोठा पडदा लावला होता आणि माणसाला माणूस खेटून उभा होता. आपल्या एश्बॉर्न उपनगरातल्या ऑफिसातले सगळे तिथे येणार, म्हणून सुगतने अकोल्याहून आलेल्या सासऱ्यांना घरीच विनवलं होतं, "बाबा, ती कानटोपी तेवढी नको."

लहूराव 'बरं' म्हणाले, पण एस-बान लोकलमधून उतरताच त्यांनी ती खिशातून काढून चढवली. त्यांच्या बायकोने, द्रौपदीबाईंनी विणलेली, पोपटी, हनुवटीखाली बंद बांधायची. सुगत चार माणसं सोडून उभा राहिला.

तेवढ्यात पडद्यावर संघ आले. दोन धिप्पाड खेळाडूंच्या डोक्यावर कान झाकणारी, हनुवटीखाली बांधलेली टोपी होती. लोकांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग लहूरावांकडे. कुणीतरी म्हणालं, "जुने खेळाडू दिसतात." त्यांना पुढे जागा मिळाली, आणि सुगतचा बॉस त्यांच्याबरोबर फोटो काढायला रांगेत उभा राहिला.

 

"एन्टशुल्डिगुंग, माफ करा, सासरे आहेत ते माझे," म्हणत सुगत ती चार माणसं बाजूला सारत निघाला.