वळणावरचं ट्रेनिंग

गो-कार्टच्या शर्यतीत राज्यात पहिली आलेल्या मनकर्णाचा सत्कार साखर कारखान्याचे चेअरमन सुंदररावांनी स्वतः ठेवला. शाल घातली, नारळ दिला, पण माइक काही सोडला नाही.

"आपल्या दुष्काळी केज तालुक्यात ही पोरगी घडली, ती सहकारामुळं! सांग पोरी, वळणावर आतून गाडी काढायला तुला कुनी शिकवलं?"

मनकर्णानं माइक घेतला.

"सायबांनीच. आमच्या वस्तीचा पाण्याचा टँकर मारुतीच्या पारापासून सायबांच्या उसाकडं वळायचा. वळणावर आतून स्कूटी घालून टँकरला आडवी लावल्याबिगर आमची घागर भरत न्हवती. चार उन्हाळे हीच प्रॅक्टिस केली."

सुंदररावांनी शेवटच्या रांगेतल्या टँकरवाल्या बंकटकडं बघून डोळे वटारले. साहेब काहीतरी काम सांगतायत असं वाटून बंकट ताडकन उठला.

"व्हय सायेब, भरलेला टँकर भाईरच हुबा हाय. पोरगी हितं स्टेजवर अडकलीय तवर उसाला सोडून येऊ का?"