आईच्या वाटचे सात किलो

काट्याने पुन्हा नऊ किलो दाखवले. त्याने बॅगेतून ट्रायपॉड काढला, दोन शर्ट काढले आणि शेवटी टूथपेस्टसुद्धा काढून पाहिली, जणू सगळा भार तिचाच होता. काटा साडेसातवर येऊन अडून बसला. बेटाबेटांवर उतरणाऱ्या त्या छोट्या विमानांत माणशी एकच बॅग चालणार होती, हातातली, सात किलोची. आणि तोफ तर अजून बाहेरच होती.

तोफ म्हणजे त्याची सर्वांत लांब लेन्स. नाव आईने ठेवलेलं. समुद्रपक्ष्यांवरच्या पुस्तकाचं काम त्याला मिळालं होतं ते या तोफेच्या जोरावर. दूरच्या कड्यावर बसलेल्या पक्ष्याचा डोळा टिपायचा तर दुसरा इलाज नव्हता. दौरा सहा आठवड्यांचा, आणि तोफेचं एकटीचं वजन साडेतीन किलो. ती जाणार होती आईच्या बॅगेतून.

युक्ती एका मित्राची. तोही असाच पक्ष्यांमागे उन्हातान्हात हिंडणारा. "वय झालेलं माणूस सोबत घे," तो म्हणाला होता. "त्यांच्याकडे सामान नसतं, आणि विमानाच्या दारात त्यांची बॅग कोणी तोलत नाही." पुस्तकवाल्यांनी मदतनिसाचं एक तिकीट दिलंच होतं. पण मदतनीस म्हटला की त्याची बॅग आली. बायकोला शाळेतून सुटी नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिच्या सात किलोंचे नऊ कधी झाले असते ते काट्यालाही कळलं नसतं. राहिली आई. दोन जोड कपडे, औषधांची डबी, चष्मा. "आई म्हणजे सात किलो मोकळे," तो मित्राला म्हणाला आणि दोघं पोट धरून हसले.

आईला विचारलं तेव्हा ती वाळलेले कपडे घडी करत होती. हातातला टॉवेल तिने तीनदा उलगडला आणि तीनदा त्याची घडी घातली. "मला?" म्हणाली.

दोन दिवसांनी सगळ्या इमारतीला बातमी कळली होती. धाकटा मला समुद्र दाखवायला नेतोय, असं ती जिन्यात भेटेल त्याला सांगत होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला थांबवून पाठीवर हात ठेवला. "मुलगा असावा तर असा," त्या म्हणाल्या. त्याने बुटाची नाडी सुटली नसताना वाकून बांधली. मग ताईचा फोन आला. बाबांच्या आजारपणाची सात वर्षं आईने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, हे सांगताना ताईला रडूच फुटलं. "आम्हा कोणालाच सुचलं नाही रे. तुला सुचलं." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात काय एवढं, असं काहीतरी पुटपुटून त्याने फोन ठेवला.

आई मात्र जोरात तयारीला लागली होती. पाण्याच्या भरल्या बाटल्या पिशवीत घालून ती पिशवी खांद्याला अडकवायची आणि जिना चढायची, उतरायची. हे काय चाललंय म्हणून त्याने विचारलं, तर "प्रवासाची सवय" म्हणाली. त्याला गंमत वाटली. आपण कौतुकाने हसलो याचीही त्याला नंतर लाज वाटली.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो तोफ कापडात गुंडाळून तिच्या खोलीत गेला. आईची बॅग पलंगावर उघडी होती. अर्धी भरलेली, अर्धी रिकामी. जाडा लोकरी स्वेटर खुर्चीवर पडला होता.

"हा घेतला नाहीस? तिकडे गारठा असेल."

"शाल आहे ना. उगाच ओझं कशाला?"

तो तसाच उभा राहिला. म्हातारीच्या अंगावरची ऊब काढून आपण तिथे काच भरायला निघालोय, हे त्याला एकदम स्वच्छ दिसलं. त्याची त्यालाच किळस आली. त्याने तोफ टेबलावर ठेवली, स्वेटरची घडी केली आणि बॅगेच्या रिकाम्या बाजूला नीट बसवली. लांबचे पक्षी लांबच राहतील. पुस्तकवाले बोलतील, कदाचित काम काढूनही घेतील. घेऊ देत.

"आई, तोफ घरीच राहू दे," तो म्हणाला. "ही बॅग तुझी. तुला हवं ते भर."

कित्येक दिवसांनी त्याला हलकं वाटलं. आता ती खूश होईल, असं त्याला वाटलं.

आईचा चेहरा पडला. ती पलंगाच्या कडेवर टेकली. "का रे? मला जड होईल म्हणून? झेपेल मला."

"तुला कोणी सांगितलं की तोफ तुझ्या बॅगेतून..."

"तुम्ही दोघं मित्र बाहेर बोलत होतात ना त्या दिवशी. दार उघडंच होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तिने स्वेटर बॅगेतून काढून खुर्चीवर ठेवला. मग कपड्यांचा एक जोड काढला. मग दुसरा. औषधांची डबी हातात घेऊन ती त्याच्याकडे न बघता हळूच म्हणाली,

"तोफच जाणार नाही, तर आता मला कशाला नेशील?"