वांद्र्याला तिसरी खोली

“पोरांनी इचारलं तर ‘तुमचं चालू द्या’ म्हनू नका, वहिनी. एकदा म्हनलं की मंग ते चालूच ऱ्हातं.”

दूधवाल्या बनुबाई कधीतरी दूध मापता मापता हे बोलून गेल्या होत्या. राहाता गावातल्या घरात, रविवारी सकाळी गवार मोडताना सरोजिनीबाईंना ते आठवलं. केदारनं लॅपटॉप नुकताच त्यांच्याकडे वळवला होता.

पंधरा ऑगस्टला जोडून चार दिवस मुंबईला जायचं ठरलं होतं. चौघांनी. मनवा नोकरीसाठी पुण्याला राहू लागली होती, केदार दिवाळीनंतर हैदराबादला जाणार होता. पुन्हा चौघं एकत्र कधी, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं.

“हे बघ आई, वांद्रे. जुन्या ख्रिस्ती लोकांची गल्ली आहे. भिंतीभर चित्रं, लाकडी जिने, खाली कॅफे. सगळी तरुण मंडळी तिथंच उतरतात हल्ली.”

“छान आहे रे,” सरोजिनीबाई म्हणाल्या. निळ्या रंगाची खिडकी त्यांना खरंच आवडली.

“आणि हे दादर.” केदारनं दुसरं पान उघडलं. धर्मशाळेचं आवार, मध्ये वृंदावन, बाजूला सतरंज्यांची चळत. “पलीकडेच देऊळ. जेवण सात्त्विक. लिफ्ट आहे.”

“म्हणजे दोन्हीतलं एक निवडायचं?”

केदारनं बहिणीकडे पाहिलं.

“निवडायचं नाही गं,” मनवा म्हणाली. “ते आमचं. हे तुमचं. मध्ये फक्त वीस मिनिटं.”

“नकाशातली ना?” नृसिंहराव पेपरमागून म्हणाले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण चूक दिसली की राहवत नसे. “मुंबईतली वीस मिनिटं नकाशाबाहेर तासाची होतात.”

“बाबा, तिथं रात्री अकरापर्यंत गाणी चालतात. आईला त्रास होईल. आवाजाचा, वासाचा...”

“वास कसला?”

केदार खाकरला. “कॉफीचा, आई.”

“कॉफीचाच म्हण,” नृसिंहराव म्हणाले आणि पेपर उलटला.

सरोजिनीबाईंनी एक शेंग मोडली. मग दुसरी. ‘तुमचं चालू द्या’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. आजवर ते कितीदा आले होते आणि बाहेर पडले होते, त्याची गणती नव्हती. सहलीला न जाता घर सांभाळलं तेव्हा. मनवाच्या पदवीदानाला दोनच जणांना प्रवेश होता आणि बापलेक गेले तेव्हा.

“मला तुमच्यात राहायचंय,” त्या म्हणाल्या.

इतक्या हळू म्हणाल्या की केदारला वाटलं, आई शेंगांशीच बोलते आहे.

“अगं, पण तुझी गोपद्मं?” मनवा पुढे सरकली. चातुर्मासात रोज देवापुढे रांगोळीची तेहतीस गोपद्मं, गाईची इवली इवली पावलं, काढायची आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं, हा सरोजिनीबाईंचा नेम होता. पाच वर्षांचं व्रत, यंदाचं चौथं. “वांद्र्याचा घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही, फरशीवर पाणी सांडू देत नाही. मी तीन ठिकाणी फोन केले, आई. रांगोळी चालेल का, म्हणून. धर्मशाळेनंच हो म्हटलं.”

सरोजिनीबाईंनी लेकीकडे पाहिलं. तीन ठिकाणी फोन. आपल्यासाठी एवढी खटपट केली पोरीनं, आणि ती सगळी आपल्याला वेगळं ठेवण्यासाठी.

“फरशीवर कशाला? पाटावर काढीन.”

“पाट घेऊन मुंबईला?” केदार हसला.

“तुझा लॅपटॉप नाही का येत?”

नृसिंहरावांचा पेपर हलला.

“तुम्ही उठायच्या आत माझं सगळं आवरलेलं असेल,” त्या म्हणाल्या. “पाट पिशवीत गेलेला असेल. घरमालकाला चिमूटभर पांढरं दिसलं तर सांगा. शब्द देते.”

केदारनं दादरचं पान मिटलं आणि वांद्र्याचं पुन्हा उघडलं. “तिसरी खोली आहे तिथं. पण लहान आहे. खिडकी बरोबर कॅफेवर येते. गाणी थेट कानात.”

“कोणती गाणी असतात?”

“इंग्रजी.”

“ऐकू.”

मनवानं आईच्या पुढ्यातली अर्धी गवार ओढून घेतली आणि मोडायला लागली. तिला शेंगांच्या शिरा नीट काढता येत नव्हत्या. सरोजिनीबाईंनी ते पाहिलं आणि आपली पुढची शेंग मोडली.

जेवणं झाल्यावर दोघं मुलं पंख्याखाली आडवी झाली. सरोजिनीबाई माळ्यावरून घरातला पाट काढून बसल्या होत्या. पितळी फुल्यांचा, जेवायला बसायचा तो पाट मनवाच्या लाल बॅगेत उभाही जाईना आणि आडवाही जाईना. त्यांनी तो परत ठेवला. वातींच्या डब्यातून सुताचा लांब दोरा काढला, बॅगेच्या आत धरला, लांबीला एक गाठ मारली, रुंदीला दुसरी.

चपलांचा आवाज ऐकून नृसिंहरावांनी डोळे उघडले.

“एवढ्या उन्हात कुठं?”

“वैजनाथ सुताराकडे. दुकान उघडं असतं त्याचं दुपारी.”

“मी येऊ?”

“नको. लवकर येते.”

दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला, गाठी वर राहतील असा, आणि फाटक हलकेच लावून घेतलं.