सुवर्णपदकाचे बूट

युवा साहस योजनेच्या सुवर्णपदकासाठी पाठीवर सामान घेऊन चार दिवसांत ऐंशी किलोमीटर चालायचं होतं. "नवे बूट महिनाभर वापरून मऊ करा, नाहीतर पाय सोलून निघतील," असं सरांनी बजावलं होतं. मला अभ्यासातून सवड नव्हती. बाबा पोस्टमन होते, रोज बारा किलोमीटर चालायचे, आणि आमच्या पायांचं माप एकच.

"आण इकडे, टपालाबरोबर बूटही फिरवून आणतो," बाबा म्हणाले.

"अहो, शुगर आहे तुम्हाला. चावले तर? आणि त्या पदकाचं एवढं करायचंय काय?" आई वैतागली.

"नोकरीच्या अर्जात वजन पडतं त्याने. आणि चावेनात का, मला हल्ली पायाला काही कळतच नाही."

महिन्याभरात बूट लोण्यासारखे मऊ झाले. मी हसतखेळत चालून परत आले, तोवर टाचेची न दुखलेली जखम चिघळून बाबांचं पाऊल कापावं लागलं होतं.



"काका, पोरीने नाव काढलं!" असं म्हणत नव्या पोस्टमनने पदकाचं पाकीट बाबांच्या मांडीवर ठेवलं.